पट्टीवरचा ठिपका

मास्तरांच्या लॅपटॉपला हात लावायची कुणाची टाप नव्हती. मुलीची नाही, बायकोची नाही, आणि जावयाची तर मुळीच नाही. फोटो स्टुडिओतली आपली खुर्ची, आपलं टेबल आणि त्यावरचा तो लॅपटॉप एवढं संस्थान त्यांनी स्वतःकडे राखून ठेवलं होतं. बाकी कॅमेरे, दिवे, छपाईचं यंत्र आणि गिऱ्हाइकांची बडबड हे सगळं जावयाच्या हवाली होतं. शाळेत शिकवणारे मास्तर ते कधीच नव्हते. "मान वर, हनुवटी खाली, हसा, अहो एवढं नको" असं गिऱ्हाइकांना दरडावून दरडावून त्यांना ते नाव पडलं होतं आणि त्यांना ते आवडतही होतं.

म्हणून एका सकाळी स्टुडिओत शिरताना मास्तरांना जावई त्यांच्याच खुर्चीवरून घाईघाईने उठताना दिसला, तेव्हा त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली.

"काही हवं होतं का, जावईबापू?"

"नाही बाबा, पेन शोधत होतो."

पेन त्याच्या खिशाला लावलेलं होतं. मास्तरांनी ते पाहिलं आणि ते पाहतायत हे जावयानेही पाहिलं.

जावई आतल्या खोलीत गेल्यावर मास्तरांनी लॅपटॉपची झडती घेतली. सगळं जागच्या जागी होतं, फक्त रंगांच्या सेटिंगमध्ये गडबड होती. तिथे एक आडवी पट्टी असते. तिच्यावरचा ठिपका एका बाजूला नेला की स्क्रीन पिवळसर होते, दुसऱ्या बाजूला नेला की निळसर. मास्तरांचा ठिपका वर्षानुवर्षं मधोमध असायचा. तो आता पार निळ्या टोकाकडे जाऊन बसला होता.

"अस्सं," मास्तर स्वतःशीच म्हणाले. त्यांनी ठिपका ओढून पुन्हा मधोमध आणला.

रोज काम सुरू करण्याआधी मास्तर एकच फोटो उघडत. मुलगी लहान असताना त्यांनीच काढलेला. पांढरा फ्रॉक घालून ती दाराशी उभी आहे आणि कुणावर तरी रुसलेली आहे. त्या फ्रॉकचा पांढरा रंग मास्तरांच्या डोक्यात पक्का बसला होता. फ्रॉक पांढरा दिसला की स्क्रीन बरोबर, मग कामाला लागायचं. इतर स्टुडिओवाले त्यासाठी करड्या रंगाचं कार्ड वापरतात, रंग मोजायचं यंत्र आणतात. मास्तर त्यावर हसायचे. "माझे डोळे काय भाड्याने आणलेत?" असं म्हणायचे.

त्या सकाळी ठिपका मधोमध होता आणि फ्रॉक मात्र चहा सांडल्यासारखा पिवळा दिसत होता.

म्हणजे ह्याने आतून काहीतरी बिघडवलंय, हे मास्तरांनी ताबडतोब ठरवून टाकलं.

खरं सांगायचं तर संशय घ्यायला मास्तरांना जावईच लागत होता असं नाही. त्या वर्षात त्यांचं कुणाशीच धड जमत नव्हतं. घराला आणि स्टुडिओला पांढरा रंग लावून घेतला, तर "मी पांढरा सांगितला होता, ह्याने लोण्याचा लावला" म्हणून रंगाऱ्याशी भांडण. शर्ट पिवळे पडतात म्हणून धोब्याला रजा दिली, नवा ठेवला, त्यालाही रजा दिली. कागदवाल्याला ठणकावलं की गेल्या खेपेचा कागद जुनाट निघाला. सगळं जग आपल्या गळ्यात जुना, पिवळा माल मारतंय आणि आपण तेवढे शहाणे म्हणून ते ओळखतोय, अशी मास्तरांची ठाम समजूत होती. बायको म्हणायची, "अहो, भिंत पांढरीच आहे." त्यावर मास्तर म्हणायचे, "तुला रंगातलं काय कळतं?"

मुलीने एकदा जेवताना भीत भीत विषय काढला होता. "बाबा, एकदा डोळे दाखवून येऊ या का?" मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला. "ज्या दिवशी ह्या डोळ्यांना रंग कळेनासा होईल, त्या दिवशी स्टुडिओला कुलूप लावीन आणि घरी बसेन. पुन्हा हा विषय नको." मास्तर बोलले की करून दाखवतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. विषय तिथेच संपला.

त्याच पिवळ्या दिसणाऱ्या स्क्रीनवर मास्तरांनी बँकेतल्या मॅनेजरबाईंचा फोटो दुरुस्त केला. बाई निवृत्त होत होत्या आणि फोटो बँकेच्या भिंतीवर लागायचा होता. मास्तरांनी मन लावून काम केलं. चेहऱ्यावरचा पिवळेपणा काढला, साडीला उठाव दिला आणि बाई कशा टवटवीत दिसायला लागल्या म्हणून स्वतःवरच खूश झाले. दुसऱ्या दिवशी बाई फोटो घ्यायला आल्या आणि काउंटरपाशीच थबकल्या.

"मास्तर, मी निवृत्त होतेय. मेले नाहीये अजून!"

"म्हणजे?"

"अहो, किती निळी दिसतेय मी! ओठ बघा माझे."

मास्तरांनी फोटो उजेडात धरला, लांब धरला, जवळ धरला. त्यांना कुठेही निळं दिसेना. जावई मुकाट्याने पुढे झाला, "बाई, तासाभरात दुसरा देतो" म्हणाला आणि आत जाऊन दुसरा छापून घेऊन आला. मास्तरांच्या मते तो दुसरा चक्क काविळीचा होता. बाईंनी मात्र तो पाहून "हं, आता कशी माणसासारखी दिसतेय" म्हटलं आणि जावयाकडे बघून हसल्या.

ते हसणं मास्तरांना झोंबलं. ह्या दोघांचं काहीतरी आधीच ठरलेलं आहे, हे त्यांना स्वच्छ दिसलं. जावयाने बाईंना पढवलंय. आधी म्हाताऱ्याचं काम बिघडवायचं, मग चारचौघांत ते निस्तरायचं, म्हणजे म्हातारा संपला आणि स्टुडिओ आपला. जावयाची आधीची नोकरी कंपनी बंद पडून गेली तेव्हा मास्तरांनीच त्याला बोलावून घेतलं होतं. "माझ्या शेजारी बसा, काम शिका" असं म्हटलं होतं. आता तो शेजारून थेट खुर्चीतच बसायला निघाला होता.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं, "एकदा रंगेहाथ सापडू दे. त्याच दिवशी बाहेरचा रस्ता दाखवतो."

"आणि पोरगी?" बायको म्हणाली. "त्याला परगावच्या एका स्टुडिओने बोलावलंय, तो तुमच्यासाठी थांबलाय. त्याला हाकललंत तर ती काय तुमच्या पाया पडायला इथे राहणार आहे? दोघंही जातील. मग बसा तुमच्या लॅपटॉपला जेवू घालत."

एकुलती एक मुलगी. रोज संध्याकाळी ती स्टुडिओत येऊन टेबलाच्या कडेवर बसायची आणि दिवसभराच्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची. ती गेली तर संध्याकाळी स्टुडिओत उरणार काय, हे मास्तरांना कळत होतं. पण माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "जातील तर जातील," ते म्हणाले, आणि पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी ठिपका पुन्हा निळ्या टोकाला होता. मुलीचा फ्रॉक मात्र पांढराशुभ्र दिसत होता. डोळ्यांना बरं वाटत होतं, हे मास्तरांना कबूल करावं लागलं. पण प्रश्न तत्त्वाचा होता. त्यांनी ठिपका मागे ओढला आणि पासवर्ड बदलला. मास्तरांचा पासवर्ड म्हणजे मुलीचं लाडाचं नाव आणि मागे एखादा आकडा. मास्तरांनी तो आकडा बदलला आणि आपण फार मोठी तटबंदी केली असं समजून घरी गेले. सकाळी ठिपका पुन्हा तिकडेच.

आता मात्र हद्द झाली. त्या दुपारी मास्तरांनी मोठ्याने जाहीर केलं, "मी घरी जेवायला जातोय, उशीर होईल." चपला वाजवत ते बाहेर पडले, मागच्या दाराने आत आले आणि फोटो काढायच्या खोलीत, भिंतीवर टांगलेल्या मोठ्या पडद्यामागे जाऊन उभे राहिले. मधलं दार उघडं होतं, तिथून टेबल सरळ दिसायचं. पडद्याला धुळीचा वास येत होता आणि पोटात भूक कोकलत होती. या वयात आपल्याच दुकानात आपण चोरासारखे लपलोय, हे त्यांच्या मनात आलं, पण त्याचाही राग त्यांनी जावयावरच काढला.

जावई आला. त्याने बाहेरच्या दाराकडे पाहिलं आणि मास्तरांच्या खुर्चीत बसला. लॅपटॉप उघडून त्याने तोच फोटो समोर आणला, रुसलेल्या मुलीचा, पांढऱ्या फ्रॉकचा. मग खिशातून एक घडी केलेला तुकडा काढला. स्टुडिओतल्या दिव्यांपुढे लावतात तो पारदर्शक जिलेटिनचा कागद. त्याने तो उलगडून दोन्ही डोळ्यांपुढे धरला, आणि त्यातून बघत बघत पट्टीवरचा ठिपका हळूहळू सरकवायला लागला. थोडं सरकवायचं, थांबायचं, कागद बाजूला करून बघायचं, पुन्हा डोळ्यांपुढे धरायचा. एखादं तान्हं मूल झोपवावं तसं हलक्या हाताने चाललं होतं.

ही कसली करणी, मास्तरांना कळेना. ते पडदा बाजूला सारून बाहेर आले.

"सापडलात, जावईबापू!"

जावई ताडकन उठला. कागद हातातून खाली पडला.

"काय वैर आहे तुमचं माझ्याशी? ह्या वयात मला खोटं पाडायचं? स्टुडिओ हवा तर तोंडाने मागा. असे चोरून माझे रंग कशाला बिघडवता?"

"बाबा, मी बिघडवत नव्हतो."

"मग काय करत होता? पेन शोधत होता?"

तेवढ्यात मुलगी नवऱ्याचा डबा घेऊन आत आली. बापाला लालबुंद आणि नवऱ्याला पांढराफटक बघून तिला काय झालं ते कळलं. तिचं लक्ष स्क्रीनकडे गेलं, आणि तिच्या तोंडून नेमकं नको ते निघून गेलं.

"अरे देवा, इतकी निळी? गेल्या महिन्यात एवढी नव्हती करावी लागत."

"निळी?" मास्तर म्हणाले. "कुठे निळी? आत्ता कुठे फ्रॉक पांढरा झालाय!"

मुलीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने जमिनीकडे पाहिलं. मास्तरांनी वाकून तो जिलेटिनचा कागद उचलला, झटकला, आणि जावयाने धरला होता तसा आपल्या डोळ्यांपुढे धरला. कागदातून स्क्रीनकडे पाहिलं. कागद काढला, पाहिलं. पुन्हा धरला.

"ह्यात काय आहे? साधा कागद आहे. काही फरकच पडत नाही."

"बाबा," मुलगी अगदी हळू म्हणाली, "तो पिवळा आहे."

मास्तरांनी कागद खाली घेतला आणि खिडकीपाशी जाऊन उजेडात धरला. मग भिंतीकडे पाहिलं, लोण्याच्या रंगाच्या. आपल्या शर्टाच्या बाहीकडे पाहिलं. धोबी आठवला, रंगारी आठवला, मॅनेजरबाईंचे ओठ आठवले. ते परत येऊन खुर्चीत बसले.

"किती दिवस चाललंय हे?"

"बरेच महिने, बाबा," जावई म्हणाला. "फोटो निळे यायला लागले होते. तुम्हाला स्क्रीन पिवळी दिसायची, म्हणून तुम्ही फोटोत निळा वाढवायचात. मी म्हटलं, स्क्रीनच तेवढी निळी करून ठेवली की तुम्हाला बरोबर दिसेल आणि तुमच्या हातून फोटोही बरोबर निघेल. निघायचेही. तुमचा हात कुठे चुकत होता? दोष फक्त..." तो थांबला.

"सांगायचं नाही मला?"

"तुम्ही कुलूप लावणार होता," मुलगी म्हणाली. तिचा आवाज फुटला. "तुम्ही म्हणालात आणि लावलं नाही, असं कधी झालंय?"

मास्तरांना जावयाकडे बघवेना. आपण त्याला चोर ठरवून पडद्यामागे उभे होतो, आणि तो इथे पिवळा कागद धरून मास्तरांच्या डोळ्यांनी बघायला शिकत होता. त्यांना शरम वाटली. फार वर्षांनी, खरोखरची. त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला, त्याने काही होणार नाही हे ठाऊक असूनही.

"हे काढून देतात म्हणे हल्ली," शेवटी ते म्हणाले. "डोळ्यावरचं."

"मोतीबिंदू," मुलगी म्हणाली. "हो, बाबा. सहज."

"सहज असेल, पण आपल्याला नाही होत सहज." मास्तरांनी उठून खुर्ची जावयाकडे ढकलली. "बसा. आज दुपारचं काम तुम्ही करा. कसं करायचं ते मी सांगीन. आणि तो ठिपका तुमच्या डोळ्यांना हवा तिथे आणून ठेवा."

जावई बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तसाच उभा राहिला.

"बसा म्हणतो ना! आणि हे बघा, उद्या डॉक्टरकडे माझ्याबरोबर तुम्ही या. हिला नको, ही रडते." मास्तरांनी तो पिवळा कागद नीट घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. मग दाराकडे बघून, कुणी गिऱ्हाईक ऐकत तर नाही ना अशी खात्री करून, आवाज खाली आणत म्हणाले, "आत शिरल्या शिरल्या त्यांच्या भिंतीचा रंग कुठला आहे, ते मला कानात सांगा."