हिरवी ओळ

पडद्यावर निळी ओळ होती, काळी होती, लाल होती. हिरवी मात्र सपाट. प्रयोगशाळेतल्या विश्लेषक बाईंनी प्रोग्राम बंद करून उघडला, हिरव्या रंगापुढची खूण तपासली, शेवटी कॉम्प्युटरही बंद करून चालू केला. हिरवी ओळ ढिम्म.

नेमकी तीच हवी होती. एका भावाने आजारी बहिणीला बोनमॅरो दिला होता. आता तिच्या रक्ताच्या आलेखात, या रंगीत ओळींवर, फक्त त्याच्या डीएनएची शिखरं दिसायला हवीत. तिचं स्वतःचं शिखर डोकावलं, तर आजार परततोय की काय, ही भीती. पण सख्खी भावंडं ती. तीन रंगांत दोघांची शिखरं एकावर एक बसायची, वेगळी पडायची ती हिरव्यातच.

"तीन रंग स्वच्छ आहेत ना? द्या पाठवून," विभागप्रमुख दारातूनच म्हणाले. सगळे त्यांना पाठीमागे घाईसाहेब म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

"सर, त्या तिन्हींत बहीण दिसायचीच नाही. भावाच्या मागे दडून बसते ती."

"मग नमुना मशीनवर पुन्हा लावा. उगाच डोळे फोडून घेऊ नका."

पुन्हा लावायचा म्हणजे भाऊ संध्याकाळपर्यंत ताटकळणार. दर वेळी तो बहिणीचा नमुना स्वतः घेऊन यायचा आणि बाहेरच्या बाकावर ठाण मांडायचा. "माझं रक्त अंगात गेल्यापासून ती माझ्यासारखी घोरायला लागलीय," असं काहीबाही सांगून बाईंना हसवायचा. बाई हसत, पण निकालाबद्दल चकार शब्द काढत नसत. तो डॉक्टरांनीच सांगायचा, हा इथला नियम.

बाई पडद्याकडे वळल्या आणि डाव्या कडेचे उंचीचे आकडे बघून त्यांनी कपाळावर हात मारला. ओळीच्या अगदी सुरुवातीला, कडेला चिकटून, प्रक्रियेत उरलेल्या रंगाचा एक सुळका उभा होता. अगदी बिनकामाचा. पण प्रोग्राम साऱ्या ओळीची उंची त्याच्याच मापाने ठरवत होता, म्हणून बाकीची शिखरं जमीनदोस्त. त्यांनी तो चौकटीबाहेर काढला. भावाची दोन शिखरं टुणकन उभी राहिली.

बाईंना हायसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. उजवीकडे जरा लांब एक बारकं टेंगूळ होतं. बहिणीच्या शिखराची जागा तीच.

"दुसऱ्या रंगाची सावली असेल," घाईसाहेब शेजारी खुर्ची ओढत म्हणाले. ते तसंच असावं, असं दोघांनाही वाटत होतं. पण बाकीच्या रंगांत त्या जागी काहीच नव्हतं. सावली पडणार कोणाची? नमुना पुन्हा लावला. टेंगूळ होतं तिथेच होतं.

घाईसाहेबांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावून पाहिले. "लवकर सापडलंय," एवढं म्हणून त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

बाई बाहेर आल्या तेव्हा भाऊ उठून उभा राहिला. "ताई, तिच्यात अजून मीच आहे ना? पूर्ण?"

बाईंना खोटं बोलवेना, खरं सांगता येईना. "डॉक्टर बोलतील तुमच्याशी. लगेच घरी जाऊ नका."

त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. थट्टा काही सुचली नाही त्याला. तो शर्टाच्या बाहीचं बटण सोडवू लागला.

"तिच्यासाठी परत माझं रक्त काढायचं असेल तर काढा," तो म्हणाला. "कुठला हात देऊ?"