कोट टांगायची जागा

नवऱ्याच्या कोटाला गोड वास येतोय हे लक्षात आलं तेव्हा मला आधी राग आला आणि मग, खरं सांगते, बरं वाटलं. ह्यांचं बाहेर कुठेतरी काही चाललेलं असू दे, अशी इच्छा करणारी मी बहुधा एकटीच बायको असेन. पण दुसरी शक्यता त्याहून वाईट होती.

दोन वर्षांपूर्वी मला असाच एक वास यायचा, जळक्या रबराचा. मी एका लाँड्रीत इस्त्रीवर आहे. तिथे मी दिवसातून दहा वेळा प्लग तपासायची. मालकीणबाई म्हणायच्या, "अगं, काही जळत नाहीये, तुझं डोकं फिरलंय." घरी ह्यांना विचारलं की हे म्हणायचे, "हो, येतोय की जरासा." मला वेड्यासारखं वाटू नये म्हणून. सात महिने हे हो म्हणत राहिले आणि सात महिने मी डॉक्टरकडे गेले नाही. डोक्यातली गाठ सापडली तेव्हा ती लिंबाएवढी झाली होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हे माझ्या खाटेशी बसून ढसाढसा रडले. म्हणाले, "यापुढे वासाच्या बाबतीत तुझ्याशी कधी खोटं बोलणार नाही." लोक बायकोला चंद्रतारे आणून द्यायचं कबूल करतात. माझ्या वाट्याला हे आलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "नसलेला वास पुन्हा यायला लागला तर थांबू नका, लगेच या."

आणि आता ऐन हिवाळ्यात, खिडकीच्या काचांवर बर्फ धरलेला, रस्त्यावरच्या झाडांचे नुसते सांगाडे उरलेले, आणि मला मधात लिंबाची साल किसल्यासारखा वास येत होता. ह्यांच्या कोटाचे खिसे मी उलटे करून पाहिले. पॉलिश पेपरचा तुकडा, अर्धी पेन्सिल, बुटाची तुटकी नाडी. असल्या खिशांवर कोण बाई भाळणार? तरी मी दोन दिवस त्या बाईच्या आशेवर काढले.

तिसऱ्या दिवशी तोच वास लाँड्रीत आला. वाफ, खळ, साबण, आणि मधूनच तो. तिथे काही ह्यांचा कोट नव्हता. मालकीणबाईंना विचारलं तर त्या नाक पुसत म्हणाल्या, "पंधरा दिवस सर्दी आहे मला. कांदा कापला तरी कळत नाही." आणखी कुणाला विचारायचा धीर होईना. कुणी नाहीच म्हटलं तर?

संध्याकाळी ह्यांनाच विचारलं, "अहो, गोडसर वास येतोय का कसला?"

हे फर्निचरला पॉलिश करतात. तीस वर्षांत त्या पॉलिशनं ह्यांचं नाक पार मेलंय. तरी हे उठले. उशी हुंगली, कपाट हुंगलं, माझे केससुद्धा हुंगले. मग माझ्यासमोर येऊन बसले.

"नाही गं. मला नाही येत."

"हो म्हणाला असता तर काय बिघडलं असतं?"

"मागच्या वेळी काय बिघडलं ते विसरलीस का?"

दुधानं तोंड पोळलेली माणसं आम्ही, ताकसुद्धा फुंकून पितो. डॉक्टरीणबाईंची गुरुवारी तीनची वेळ घेतली. ह्यांना बरोबर यायचं होतं, म्हणून त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ह्यांच्या कारखान्यावर गेले. पुढच्या दारात एक भलंमोठं कपाट अडकलं होतं. ते ना आत जात होतं ना बाहेर येत होतं. आतून कुणीतरी ओरडलं, "वहिनी, मागून या!"

मागच्या आवारात मी आजवर कधी गेले नव्हते. फाटक ढकललं आणि तो वास अंगावरच आला. इतका दाट, की मी भिंतीला धरून उभी राहिले. संपलं सगळं, असं वाटलं. पुन्हा टक्कल, पुन्हा टाके.

मग मला कोट दिसला. मोडक्या खुर्च्या आणि रिकामे डबे पडले होते, त्यांच्या मागे भिंतीलगत एक पुरुषभर उंचीचं झुडूप होतं. पान एकही नाही, नुसत्या वाळक्या काटक्या. त्यांवर ह्यांचा कोट टांगलेला. आणि कोटाच्या आजूबाजूला, प्रत्येक काटकीला, खाली माना घातलेली फुलं. फिकट पिवळी, मेणाची केल्यासारखी, आतून तांबडी. असलं झाड मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी एका फुलाला नाक लावलं. तोच वास. चार पावलं मागे गेले, कमी झाला. पुन्हा पुढे आले, वाढला. चारदा केलं तसं.

हे हात पुसत बाहेर आले. "काय गं? रडतेस का?"

"अहो, कोट इथे का टांगता?"

हे जरा ओशाळले. "आत टांगला की त्याला पॉलिशचा वास लागतो. ऑपरेशनपासून तुला तो सहन होत नाही ना. आधी भिंतीवर खिळा होता. दहा-बारा दिवसांपूर्वी तो निखळला, तेव्हापासून ह्या काटक्यांवर."

"दोन वर्षं? ह्या थंडीत?"

"घालताना जरा गार लागतो. मग होतो ऊबदार."

"आणि ही फुलं नाही दिसली तुम्हाला?"

हे वाकून बघायला लागले. "फुलं आहेत होय? मला वाटलं, रंध्याच्या ढलप्या उडून अडकल्यात."

काखेत कळसा म्हणतात तो हा. रोज संध्याकाळी तो वास हे स्वतःच घरी आणत होते. घरात कोटाच्या खुंटीलाच माझा मफलर असतो, म्हणजे लाँड्रीत मी तो माझ्याच गळ्यात घालून नेत होते. माझा जीव भांड्यात पडला. मी त्या डब्यांवर बसून हसले, रडले, पुन्हा हसले.

"अहो, आज एकदा म्हणा ना, वास येतोय म्हणून," मी म्हटलं. "आज चालेल."

ह्यांनी डोळे मिटून फुलाला नाक लावलं. कितीतरी वेळ लावलं.

"नाही गं. काहीच नाही येत."

त्या क्षणी हा माणूस मला जितका आवडला तितका लग्नाच्या दिवशीही आवडला नव्हता.

तीन वाजता मी एक डहाळी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली, काही न बोलता. त्या खुर्चीत टेकल्याही नव्हत्या. "अय्या, किती गोड! कसलं फूल हो हे?"

"नाव नाही माहीत," मी म्हटलं, आणि ह्यांनी इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. सगळी हकीकत ऐकून डॉक्टरीणबाई हसल्या. तरी त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, सरळ रेषेत चालायला लावलं, आणि म्हणाल्या, ठरलेल्या तपासणीला या, त्याआधी नको.

घरी जाताना हे म्हणाले, "उद्या नवीन खिळा ठोकतो. तुझ्या जिवाला पुन्हा घोर नको."

"खबरदार," मी म्हटलं. "कोट तिथेच टांगायचा."