नावाडीण

"ही घ्या, आमच्याकडे नसलेली गोगलगाय," असं म्हणत सिस्टरने काचेची बरणी टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे आदळलीच. आतलं गढूळ पाणी हिंदकळलं आणि काचेला चिकटलेल्या नखाएवढ्या गोगलगायी जागच्या जागी आक्रसल्या.

टेबलापलीकडच्या बाईने की-बोर्ड बाजूला सरकवला, चष्मा कपाळावर चढवला आणि बरणी खिडकीच्या उजेडात धरली.

"कुठून आणल्यात?"

"आमच्या तळ्यातून. कालवा संपतो तिथे मोठं तळं आहे, त्याच्या काठावरच आमचं आरोग्य केंद्र. पोरं दिवसभर त्यात डुंबतात, बायका धुणं धुतात. आणि मग तीच पोरं माझ्याकडे येतात, लघवीतून रक्त जातंय म्हणून. मी वर औषधं मागितली, फवारणीचं पथक मागितलं. तर म्हणतात, हा जंत ज्या गोगलगायीतून पाण्यात उतरतो, ती नकाशात तुमच्याकडे नाहीच, मग जंत येईल कुठून? नकाशा कोण करतं विचारलं, तर हे संग्रहालय दाखवलं. बस बदलत बदलत आलेय. उत्तर घेतल्याशिवाय जायची नाही."

सिस्टर खुर्ची ओढून बसलीसुद्धा.

प्राणिसंग्रहाच्या या नोंदकक्षात असं कुणी भांडायला येत नसे. इथे येत त्या नोंदी: कॉलेजांच्या, मत्स्यखात्याच्या, हौशी लोकांच्या. कुठे, कधी, कोणता प्राणी सापडला. प्राणी तोच, पण नाव लिहिण्याची तऱ्हा प्रत्येकाची निराळी. कुणी स्पेलिंगमध्ये एक अक्षर खाल्लेलं, कुणी जुन्या पुस्तकातलं नाव टाकलेलं, कुणी नुसतंच 'गोगलगाय, पाण्यातली' लिहून मोकळा. संगणकाला यातलं काही उमगत नाही. त्याच्या लेखी एक अक्षर बदललं की प्राणी बदलला. हा सगळा गुंता सोडवून एका प्राण्याच्या सगळ्या नोंदी एका नावाखाली आणायच्या, हे या बाईचं काम. संग्रहालयात तिला नावाडीण म्हणत. तिलाही ते आवडायचं. "लोक दुसऱ्याला नावं ठेवतात," ती म्हणायची, "आणि त्यांनी ठेवलेली नावं मी निस्तरते."

तिने पडद्यावरच्या नकाशात तळ्याची जागा शोधून तिथल्या नोंदी उघडल्या. गोगलगायीच्या नोंदी होत्या. ढीगभर होत्या. पण सगळ्या एका निराळ्या नावाखाली.

"हे बघा, सिस्टर. जंत वाहणारी गोगलगाय म्हणून आरोग्य खात्याच्या यादीत एकच नाव आहे, शंभर वर्षांपूर्वीचं. 'चिखलातली' असा त्याचा अर्थ. तुमच्या तळ्यातल्या गोगलगायीला पुढे एका शास्त्रज्ञाने वेगळी जात मानून दुसरं नाव दिलं. खात्याचा संगणक पहिलं नाव शोधतो, तुमच्या तळ्यावर ते सापडत नाही, की नकाशा पांढरा."

"आणि आहेत दोन्ही एकच?"

"एकच. शंख मोजून झालेत, जनुकंही तपासून झालीत. सगळीकडे मान्य झालंय."

"म्हणजे घर तेच, पाटी दुसरी. मग बदला की पाटी."

"बदलते," ती म्हणाली. शब्द तोंडातून गेला आणि मग तिला आठवलं, ती पाटी कुणाच्या नावाची आहे.

ते नाव सरांनी दिलं होतं. हा संग्रह सरांनी उभा केलेला. नावाडीण त्यांची विद्यार्थिनी, आणि संचालक तिच्या पुढच्या वर्गातले. सरांनी आयुष्यात एकाच प्राण्याला माणसाचं नाव दिलं, ते काकूंचं, आपल्या बायकोचं. त्याला लॅटिन शेपटी जोडून ते पुस्तकांत गेलं, वर्गांत शिकवलं गेलं. दोन्ही नावं एक करायची म्हटलं की नियम साधा होता: आधीचं नाव टिकतं, नंतरचं त्याच्या पोटात जातं.

संचालकांनी तिचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"मागेही तू हा विषय काढला होतास."

"मागे तुम्ही 'विचाराधीन' असा शेरा मारलात."

"मग विचार चालू आहे असं समज. अगं, सरांचं वय बघ. डोळ्यांना धड दिसत नाही. त्यांच्या हाती उरलंय काय? ती एक गोगलगाय. आपण सगळे त्यांच्या हाताखाली घडलो. एवढं पोटात घाल."

"तेच तर करायचंय, साहेब. हे नाव त्या नावाच्या पोटात घालायचंय."

संचालक हसले नाहीत. "सर आहेत तोवर नाही. नंतर बघू."

"म्हणजे तळ्याकाठच्या पोरांनी सर जायची वाट बघायची?"

"शब्द जरा जपून वापर."

"शब्द जपायचाच तर पगार घेते मी."

ती बाहेर पडली ती थेट सरांच्या घरी. पाठीमागून काही करणं तिच्या स्वभावात नव्हतं. शिवाय आतून थोडी आशाही होती. सर समजून घेतील.

सर खिडकीशी आरामखुर्चीत होते, मांडीवर भिंग. काकूंनी दार उघडलं, पाणी आणून दिलं आणि भाजी निवडायला तिथेच बसल्या. नावाडिणीने आडवळण घेतलं नाही. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"तोंड वेगळं आहे," ते म्हणाले. "शंखाचं तोंड. चिखलातलीचं गोल, हिचं लांबट."

"तळं आटलं की लांबट होतं, सर. पाणी चढलं की पुन्हा गोल. मी सगळ्या ऋतूंमधले नमुने मांडून बघितले. मध्ये कुठेच रेघ मारता येत नाही."

"मला शिकवायला आलीस?"

"नाही. सांगायला आले."

"आमच्या गोगलगायीत जंत नसतो!" सरांचा आवाज चढला. "वर्षानुवर्षं मी हेच लिहीत आलोय. ती स्वच्छ आहे. कुणीतरी एक नर्स बरणी घेऊन येते आणि तू माझं अख्खं काम चिखलात घालतेस? ऊठ. नीघ इथून."

ती उठली नाही.

"पोरं किती लहान आहेत?" काकूंनी विचारलं. भाजीचा हात थांबला होता.

"शाळेतली, काकू. काही त्याहूनही लहान."

"आणि त्यांना रक्त जातं."

"हो."

काकूंनी ताट खाली ठेवलं. "अहो, त्या तळ्यात कोण उतरलं होतं, आठवतं का? तुम्ही काठावर वही धरून उभे. गुडघाभर पाण्यात मी. सगळ्या गोगलगायी मी वेचल्या, अख्खा उन्हाळा. आणि त्या हिवाळ्यात काय झालं मला?"

सरांनी मांडीवरचं भिंग उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"रक्त जायचं. डॉक्टर म्हणाले, उष्णता आहे, ताक प्या. वर्षभर अंथरुणाला खिळले होते. उठले तेव्हा तुम्ही कागद आणून दाखवलात. म्हणालात, 'बघ, तुझं नाव दिलंय हिला.' मला बाई केवढा आनंद झाला होता."

"ते तेच होतं कशावरून?" सर म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता.

"कशावरूनच नाही. आता कोण सांगणार? मी एवढंच म्हणते, स्वच्छ आहे हे तुम्ही कुणाला विचारून लिहिलंत? पाण्यात तर मी होते." मग त्या नावाडिणीकडे वळल्या. "काढ गं ते नाव. माझं आहे ना? मग मी सांगते, काढ."

"नाव तुझं नाही," सर म्हणाले. "जातीचं आहे. आणि ती जात वेगळी आहे. नीघ म्हटलं ना मी!"

या वेळी ती निघाली. जिन्यापर्यंत पोचवायला काकू आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडताच तिने बदल केला. करायचं म्हटलं तर काम क्षणाचं. दोन नावं समोरासमोर आणायची, कोणतं टिकणार ते ठरवायचं, कारण लिहायचं आणि खाली बदल करणाऱ्याचं नाव द्यायचं. ती जागा रिकामी सोडता येते. बरेच जण सोडतात. तिने आपलं पूर्ण नाव घातलं, नवऱ्याचं आडनाव, वडिलांचं आडनाव, सगळं. मग नवा नकाशा आरोग्य खात्याला पाठवला आणि त्याची प्रत संचालकांना.

संचालक स्वतः चालत नोंदकक्षात आले. दार त्यांनी लावून घेतलं.

"परत फिरव."

"नाही."

"मी सांगतोय म्हणून फिरव."

"तुम्ही फिरवा, साहेब. तुम्हाला अधिकार आहे. फक्त खाली तुमचं नाव घाला आणि कारण लिहा. कारणाचा रकाना रिकामा चालत नाही."

कारणाचा रकाना त्यांनी वाचला आणि आले तसे परत गेले. शेवटी त्यांनी काही फिरवलं नाही. पण त्या आठवड्यात आदेश निघाला. नोंदकक्ष दुसऱ्याकडे गेला आणि नावाडिणीची बदली तळघरातल्या नमुना-भांडारात झाली. तिथे संगणक नव्हता. कपाटं, बाटल्या आणि स्पिरिटचा डोकं उठवणारा वास. घरी नवरा म्हणाला, "जरा नमतं घेतलं असतंस तर?" ती म्हणाली, "कुणापुढे, ते सांग." तो तिच्या स्पिरिटने उकललेल्या बोटांना मलम लावत बसला.

सिस्टरचा फोन आला तोही भांडल्यासारखाच. "पथक आलं एकदाचं. गोळ्या आल्या. पण पोरांना पाण्याबाहेर ठेवायचं मलाच सांगतात. पाण्याबाहेर ठेवू कुठे? घरात नळ आहेत का? आता नळासाठी कुणाच्या टेबलावर बरणी आदळू?"

"पाणीपुरवठ्याच्या," नावाडीण म्हणाली. "मोठी बरणी न्या."

पलीकडून पहिल्यांदाच हसू ऐकू आलं.

पावसाळा सरत आला असताना एका सकाळी भांडाराच्या जिन्यावर काठी वाजली. एकेक पायरी, मध्ये थांबणं, पुन्हा एक पायरी. सर उतरत होते. मागे काकू, हात पुढे धरून. पण सर त्यांना धरू देत नव्हते. नावाडीण उठून उभी राहिली. त्या दिवसानंतर सरांनी तिचा फोन उचलला नव्हता.

"ज्याच्यावरून मी वर्णन लिहिलं, तो पहिला शंख," सर म्हणाले. "तो खण काढ."

तिने खण ओढला. कापसावर लहानसा शंख, शेजारी सरांच्या तरुणपणच्या अक्षरातली चिठ्ठी, शाई तपकिरी पडलेली. सरांनी शंख तळहातावर घेतला. भिंग काढलंच नाही. बोटाचं टोक वळणावळणाने फिरवत ते तोंडापाशी आले आणि तिथे बराच वेळ घुटमळले.

"मला पटलेलं नाही," ते म्हणाले. "तोंड वेगळंच लागतं. उद्याही हेच म्हणेन."

"म्हणा, सर."

"पण ते मी इथे म्हणणार. तळ्यावरच्या पोरांच्या आड येऊन नाही." त्यांनी हात पुढे केला. "कोरी चिठ्ठी दे."

"मी लिहिते ना. तुम्ही सांगा."

"तुझं अक्षर नको. नाव मी दिलं. उतरवीन मीच."

तिने चिठ्ठी आणि पेन दिलं. ओळ कुठे सुरू करायची ते काकूंनी कागदावर बोट ठेवून दाखवलं. सरांनी चिखलातलीचं जुनं नाव लिहायला घेतलं. अक्षरं एकमेकांवर चढत गेली, ओळ वर सरकली. खाली तारीख, आणि सही.

"स्पेलिंग?"

तिने दोनदा वाचलं. "बरोबर आहे, सर."

नवी चिठ्ठी जुनीच्या वर ठेवायची असते. काकूंनी जुनीकडे एकदा नीट बघून घेतलं. "ही फेकत नाहीत ना?"

"नाही, काकू. खाली तशीच राहते."

"राहू दे मग."

सरांनी चाचपडत शंख कापसावर ठेवला आणि खण आत लोटला. दमट हवेने लाकूड फुगलं होतं. खण अर्ध्यावर अडकला. नावाडिणीचा हात पुढे झाला, काकूंनी तो मागे ओढला. सरांनी काठी कपाटाला टेकवून ठेवली, दोन्ही तळवे खणाला लावले आणि तो शेवटपर्यंत आत नेला.