वर पळणारी यादी

शवागाराच्या मागच्या अंगाला, वाट वाकडी केल्याशिवाय कुणी फिरकणार नाही अशा ठिकाणी, नोंदणीची खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, दार नीट न लागणारं लोखंडी कपाट आणि एक जुना कॉम्प्युटर. नोंदणीबाई तिथे अकरा वर्षं काम करत होत्या. ज्यांना न्यायला कुणी येत नाही त्यांची नोंद ठेवायची, एवढंच काम. प्रत्येकाचे तीन फोटो काढले जात: चेहरा, पूर्ण देह आणि अंगावरचे कपडे. ते सगळे कॉम्प्युटरवर एकाच फोल्डरमध्ये, तारखेचा क्रम न ठेवता पडलेले असत. चार हजारांच्या वर गेले होते.

गेले आठ महिने दर मंगळवारी दुपारी एक शिंपी हे फोटो बघायला येत होता. साठी उलटलेला, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, उजव्या अंगठ्यावर कात्रीचा घट्टा. अठ्ठावीस वर्षांचा त्याचा मुलगा चार वर्षांपूर्वी घरातून निघून गेला होता. भांडण झालं नव्हतं, चिठ्ठी नव्हती. "येतो जाऊन," म्हणाला, तो गेला तो गेलाच. अंगात बापानेच शिवलेला राखाडी शर्ट होता.

बाकीचे लोक यायचे ते चेहरे बघायचे आणि दोन-चार फोटोंतच तोंड फिरवायचे. शिंपीकाका चेहऱ्यांकडे बघतच नसत. ते फक्त कपड्यांचे फोटो बघत.

"चेहऱ्याचं काही खरं नाही, ताई," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "पाण्यात राहिला, उन्हात राहिला की बदलतो. टाका बदलत नाही. माझी कॉलर मी कुठंही ओळखीन. आतल्या बाजूने दुहेरी शिलाई घालतो मी, आणि काजं हाताने करतो."

पण त्या फोल्डरला एक खोड लागली होती. माउसचं चाक फिरवत खाली जावं, तीनशे-चारशे फोटो बघून व्हावेत, आणि एकदम स्क्रीन लकाकून सगळी यादी वर पळावी. पुन्हा पहिला फोटो. ये रे माझ्या मागल्या. कधी तीनशेवर, कधी नऊशेवर, नेम नव्हता. काका वहीत शेवटचा नंबर लिहून ठेवत. पुन्हा चाक फिरवत तिथवर पोचायला बराच वेळ जाई, आणि पोचतात न पोचतात तोच यादी पुन्हा वर. एकेक फोटो वेगळा उघडावा तर तो डबा पाच-पाच मिनिटं विचार करत बसे. आठ महिन्यांत काकांचे पुरते हजार फोटोही बघून झाले नव्हते. ते चिडत नसत. चष्मा पुसत आणि पहिल्यापासून सुरू करत. त्याचाच बाईंना जास्त त्रास होई. माणूस चिडला तर आपणही चिडून मोकळं होता येतं.

शेवटी एका बुधवारी बाईंनी मुख्य कचेरीत कॉम्प्युटर बघणाऱ्या मशीनवाल्याला फोन लावला.

"माउस बदला," तो म्हणाला.

"बदलला. दोनदा."

"मग कीबोर्डच्या बाणाने खाली जाऊन बघा."

बाईंनी बाण दाबून धरला. यादी खाली सरकली, सरकली, आणि वर पळाली.

"म्हणजे माउस बिचारा निर्दोष," मशीनवाला म्हणाला. "तुम्ही आतापर्यंत आजार म्हशीला आणि औषध पखालीला देत होता. आता फोटो दिसतात ते बंद करा. नुसती नावांची यादी लावा."

नुसती नावं लावल्यावर यादी शहाण्यासारखी शेवटपर्यंत गेली. बाईंना बरं वाटलं, पण घटकाभरच. नावं म्हणजे नुसते आकडे. आकड्यांत काकांना कॉलर कुठून दिसणार?

"मग एखादा फोटो नासका आहे," तो म्हणाला. "तुम्ही वरच असलात तरी मशीन आतून पुढची छोटी चित्रं बनवत जातं, त्या एकाचं बनत नाही, म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतं. नासका आंबा शोधून बाहेर काढा, बाकी पेटी ठीक आहे."

"चार हजारांतून कसा शोधू?"

"मूळ फोल्डरला हात लावू नका. त्याची नक्कल करा, तिचे दोन भाग करा. ज्या भागात यादी पळते त्याचे पुन्हा दोन. असं करत जा. दहा-बारा वेळांत सापडेल."

गुरुवार-शुक्रवार बाई भाग पाडत बसल्या. दोन हजार, एक हजार, पाचशे. मधे कुणी आलं की उठायचं, सही घ्यायची, परत बसायचं. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीआधी एकच फोटो उरला. तेवीसशे सोळा. उघडला तर चौकटीत काहीच नाही, फाइल बिघडल्याचं एक वाक्य. तो नकलेतून बाहेर काढला आणि यादी लोण्यातून सुरी जावी तशी शेवटपर्यंत गेली. कितीतरी दिवसांनी बाईंना आपण काहीतरी धड केल्यासारखं वाटलं.

मग नियमाप्रमाणे त्यांनी कपाटातली वही काढून तो नंबर पडताळला. पुरुष, वय अंदाजे तीस. नदीतून काढलेला. चेहरा ओळखण्यापलीकडे. शर्ट निळसर, पँट काळी. तारीख चार वर्षांपूर्वीची, काकांचा मुलगा गेला त्यानंतर एकवीस दिवसांची. नासलेला फोटो कपड्यांचा होता.

वहीतलं अक्षर बाईंचं स्वतःचं होतं.

त्या दिवसाच्या नोंदीखाली त्यांनीच एक ओळ लिहून ठेवली होती: 'फोटो उतरवताना वीज गेली.' म्हणजे कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरवर घेताना मधेच मशीन बंद पडलं असणार. मग वीज आल्यावर सगळे आले का हे न बघता आपणच कॅमेरा रिकामा केला असणार. असणारच. आठवत काहीही नव्हतं. त्या आठवड्यात असे नऊजण आले होते.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो बस चालवायचा, दमून आला होता. बूट काढता काढता ऐकून घेतलं आणि म्हणाला, "झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. तो म्हातारा यादी बघेल, मुलगा सापडला नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकेल. कशाला त्याच्या जिवाला घोर लावतेस?"

बाईंना ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

मंगळवारी काका आले. बाईंनी नवं फोल्डर उघडून दिलं. "आता नाही पळणार वर," त्या म्हणाल्या. काकांनी चाक फिरवलं. पाचशे, हजार, दीड हजार. यादी हलली नाही. त्यांनी एकदा मागे वळून बाईंकडे बघितलं, आणि त्या नजरेत इतकं कौतुक होतं की बाईंनी उगाच कपाटातल्या वह्या लावायला घेतल्या.

चाकाचा आवाज थांबला तेव्हा पावणेचार झाले होते.

"ताई, याचे दोनच फोटो आहेत."

बाई वळल्या नाहीत.

"सगळ्यांचे तीन आहेत. याचा चेहरा आहे, चादरीतला देह आहे. कपड्यांचा नाही. मधला एक नंबर गाळलेला दिसतोय."

आयुष्यभर कापडावर खुणा मोजत आलेल्या माणसापासून एक नंबर लपवायला आपण निघालो होतो, हे बाईंना तेव्हा कळलं. त्या येऊन शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. नासका फोटो मूळ फोल्डरमधून उघडून दाखवला. वहीही पुढे केली.

काकांनी बोट ठेवून ओळ वाचली. "निळसर," ते म्हणाले. मग चष्मा पुसत, "राखाडी कापड भिजलं की निळसर दिसतं."

"हो."

"पण निळंही निळसरच दिसतं."

काकांनी वहीतल्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"मग तुम्ही बघितला असेल शर्ट."

"बघितला असेल, काका."

"कॉलर आठवते?"

"नाही. मला काहीच आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला."

काकांनी मान हलवली, गिऱ्हाइकाने माप चुकीचं सांगितलं तरी हलवत असतील तशी. कपडे कुठे आहेत, त्यांनी विचारलं. वर्ष झालं की जाळतात. आणि माणूस? सार्वजनिक दफनभूमीत. तिथे दोन वर्षांनी तीच जागा दुसऱ्याला देतात. त्या वेळी कशाचे नमुने ठेवायची पद्धत नव्हती. एकेक उत्तर देताना बाईंना वाटत होतं, आपण एकेक दार लावून घेतोय.

काका तरी पुन्हा स्क्रीनकडे वळले आणि उरलेले फोटो बघितले, शेवटच्या चार हजार एकशे सदतिसाव्यापर्यंत. कुठेच त्यांची कॉलर नव्हती. चाक आणखी फिरवलं, पण खाली काही नव्हतं.

"संपली," ते म्हणाले.

"हो."

"वर पळत होती तेव्हा बरं होतं, ताई. तेव्हा पुढे काहीतरी असायचं." ते रागाने म्हणाले नाहीत. चष्मा काढून गळ्यात सोडला, दारापाशी जाऊन म्हणाले, "तुम्ही कष्ट घेतलेत. त्या मशीनवाल्याला विचारा, तो फोटो काही करून उघडतो का. मला फोन करा."

बाईंनी फाइल पाठवून दिली. आठ दिवसांनी मशीनवाल्याने कळवलं. फाइलला नाव होतं, नंबर होता, आत काही आलेलंच नव्हतं. पोतं आहे पण धान्य भरलंच नाही, असं तो म्हणाला. कुणालाही दाखवा, यातून काही निघायचं नाही.

मधल्या मंगळवारी काका आले नाहीत. पुढच्याही नाही. गुरुवारी बाईंनी त्यांच्या अर्जावरचा नंबर लावला. फोन एका वयस्क बाईने उचलला. मागे शिलाई मशीनचा आवाज येत नव्हता.

"काका आहेत का?"

"झोपलेत. हल्ली दुकान उघडत नाहीत, नुसते पडून असतात. तुम्ही कोण?"

बाई नाव सांगायला गेल्या, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "दोऱ्याच्या दुकानातून का? मंगळवारी तुमच्याकडेच येतात ना ते? रंग जुळवायला?"

बाईंच्या लक्षात आलं. आठ महिने हा माणूस बायकोला दोरा आणायला जातो म्हणून सांगत होता. तिच्या लेखी मुलगा अजून कुठेतरी कामाला असेल, रागावलेला असेल, येईल.

"हो," बाई म्हणाल्या. "दुकानातूनच बोलतेय."

"त्यांना हवा होता तो रंग आला का? घरी आले की म्हणायचे, अजून नाही मिळाला, पुढच्या खेपेला बघतो."

खोलीत कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाही आला," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगा, कंपनीकडेही विचारलं. तो रंग आता मिळत नाही."

"अगंबाई," पलीकडची म्हणाली. "मग दुसऱ्या कुठल्या दुकानात मिळेल का?"

"बघू द्या त्यांना," त्या एवढंच म्हणाल्या.

"बरं झालं फोन केलात. उठले की सांगते," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.