मेहुण्याच्या उठाबशा

माझा मेहुणा वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी व्हिडिओ गेम खेळतो, ही गोष्ट आमच्या घरात पूर्वी आवाज खाली आणून सांगितली जायची. आता मी ती पाहुण्यांना आपणहून सांगतो. लोकांची खोडी काढण्यात माझी उभी हयात गेली, त्यामुळे मनापासून मान द्यावा अशी माणसं मला मोजकीच सापडली. त्यातला हा एक, आणि तेही बायकोचा भाऊ असूनही.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट जिथून वरखाली जाते त्या काळोख्या विहिरीत, डब्याच्या टपावर उभा राहून, हातात बॅटरी घेऊन तो दिवस काढतो. नुसत्या आवाजावरून कुठल्या मजल्यावर काय घासतंय ते सांगतो. कामावर त्याच्याइतका सुखी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आम्ही लिहिणारे तर कामाला बसलो की चेहरा पाडूनच बसायचो.

तर झालं असं, की कंपनीची वार्षिक तपासणी आली. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून नऊ मजले जिन्याने चढायचे, पाच मिनिटांत. वर पोचल्यावर दोन मिनिटांत नाडी शंभराच्या खाली आली पाहिजे. मेहुणा सातव्या मजल्यावर पायरीवर बसला आणि कंपनीच्या डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "बाकीचे दोन उद्या चढलो तर चालतील का?" बाईंनी दोन महिन्यांची मुदत दिली. तेव्हाही जमलं नाही, तर तक्रारींच्या फोनवर कायमची बदली.

"दिवसभर 'घाबरू नका, माणूस निघालाय' म्हणायचं, भावजी," तो मला म्हणाला. "आणि निघालेला माणूस मी नसणार."

एरवी त्याच्या बोलण्यावर मी काहीतरी खवचट बोलतो. त्या दिवशी त्याला चहा करून दिला.

बायकोने त्याला व्यायामशाळेत धाडलं. एका दिवसात परत आला.

"तिथे कोणी हरतच नाही, ताई. एक माणूस पट्ट्यावर अर्धा तास पळत होता. ना पोचला, ना पडला. मन लागणार कसं?"

"मन घरी ठेव आणि पोट घेऊन जा," ताई म्हणाली.

व्हिडिओ गेम आणि प्रकृती यांविषयी मेहुण्याची मतं ठाम होती, आणि कोणी विचारत नसल्यामुळे ती ताजीही राहिली होती. गेममध्ये माणसात किती जीव उरलाय ते डोक्यावर पट्टी करून दाखवतात, तशी पट्टी खऱ्या माणसाला असती तर निम्मी भांडणं टळली असती, हे एक. गेममधला माणूस डोंगर चढतो आणि खेळणाऱ्याची ढेरी वाढते, तेव्हा मेहनतीची वाटणी नीट झालेली नाही, हे दुसरं. या दुसऱ्या मतावरून त्याने एक नियम काढला: पडद्यावर आपण मेलो, की उठून पंधरा उठाबशा.

त्याने नवा, अवघड गेम आणला. त्यात एक पडका किल्ला, एक तुटका पूल आणि पुलापलीकडे गदा घेतलेला राक्षस. मेहुणा कामावरून सहाला यायचा, हातपाय धुवायचा आणि मरायला बसायचा. आमचं घर त्याच्या खालीच. वर धप् धप् सुरू झालं की बायको म्हणायची, "गेला वाटतं." पहिल्या आठवड्यात रोज वीसपंचवीस वेळा जायचा. म्हणजे उठाबशा किती, तुम्हीच गुणाकार करा. मी केला आणि खुर्चीतून उठायच्या आधी थोडा थांबलो. महिन्याभरात त्याच्या पट्ट्याला आतल्या बाजूने दोन भोकं पाडावी लागली. आमचे तीन मजले तो शीळ घालत चढायचा.

मग पाचव्या आठवड्यात वरचा आवाज बंद झाला. मी वर गेलो. मेहुणा सोफ्यावर पाय पसरून बसला होता आणि पडद्यावर राक्षस आडवा पडला होता.

"भावजी," तो डॉक्टरांना दुखणं सांगावं तसा म्हणाला, "मी चांगला खेळायला लागलो."

"मग दुसरा गेम घे."

"घेतले की. दोन आणले. हात बसला आता, दोन दिवसांत उमगतात. परवा दिवसभरात एकदाच मेलो, तेही फोन आला म्हणून."

"मग मुद्दाम मर."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझ्या सगळ्या कारकिर्दीची लाज वाटली. "राक्षसाला काय वाटेल ते सोडा. पण मुद्दाम मेलो तर उठाबशाही मुद्दाम होतील. त्या मुद्दाम होत असत्या तर व्यायामशाळेतच नसतो का गेलो?"

तपासणीला तीन आठवडे उरले होते. पट्टा एक भोक बाहेर आला होता. मेहुणा बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होता.

"तुम्ही खेळा," तो म्हणाला. "मनापासून खेळा. उठाबशा मी काढतो."

माझ्या लेखनाची परीक्षणं पुष्कळ आली. पण माझी लायकी इतक्या नेमकेपणाने कोणी ओळखली नव्हती.

मी मनापासून खेळलो. पुलावर पाऊल टाकायच्या आधीच मी खंदकात पडायचो. एकदा किल्ल्याच्या दारातच कोंबडीने मारलं. तिथे कोंबडी आहे हे मेहुण्यालाही ठाऊक नव्हतं. तो माझ्या शेजारी उभा राहून धप् धप् उठायचा, बसायचा, आणि दम खात सांगायचा, "डावीकडे बघा, भावजी. डावीकडे." मी जगावं अशीच त्याची इच्छा असायची. यातलं मोठेपण मला रोज नव्याने दिसायचं.

पण माणसाचा अहंकार कुठे जातो? दहाव्या दिवशी मी पूल ओलांडला. बाराव्या दिवशी राक्षसाला दोन फटके दिले. मेहुण्याने टॉवेल खांद्यावर टाकून खरंखुरं अभिनंदन केलं. त्या संध्याकाळी उठाबशा झाल्या तीस.

बायको दारात उभी होती. "अहो, नको तिथे हुशारी दाखवू नका. द्या तो रिमोट इकडे."

"ताई, नीट खेळायचं हं. मुद्दाम नाही."

"मला कुठे मरायचंय? मला पलीकडचं तळं बघायचंय."

पुढचे नऊ दिवस तिने तळं पाहिलं, बुरुजावरून खाली काय दिसतं ते पाहिलं, विहिरीला तळ आहे का ते पाहिलं, आणि राक्षसाच्या अगदी जवळ जाऊन त्याने गळ्यात काय घातलंय ते पाहिलं. एका संध्याकाळी एकेचाळीस वेळा. दर वेळी तिला खरोखर आश्चर्य वाटायचं. मेहुण्याला शेवटी भिंत धरून घरात चालावं लागलं. पण पट्टा मूळ भोकापेक्षा तीन भोकं आत गेला.

तपासणीला आम्ही दोघंही गेलो. आम्ही अर्थात लिफ्टने वर गेलो. नवव्या मजल्यावर डॉक्टरीणबाई घड्याळ घेऊन उभ्या होत्या. जिन्यातून पावलांचा आवाज आला, आधी लांबून, मग जवळून, मध्ये कुठे न थांबता. चार मिनिटं चाळीस सेकंदांनी मेहुणा वर आला, लालबुंद. बाईंनी त्याच्या बोटाला यंत्राचा चिमटा लावला. एकशे बेचाळीस.

बायकोने माझी बाही धरली होती. एका मिनिटाने एकशे सतरा. मेहुण्याने डोळे मिटले. शेजारची लिफ्ट कोणीतरी खाली बोलावली, ती घरघरत गेली. एकशे सहा.

"सहाव्या मजल्यावर दार घासतंय," मेहुणा डोळे न उघडता म्हणाला.

"बोलू नका," बाई म्हणाल्या, मग त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "शहाण्णव. झालं." त्यांनी कागदावर सही केली. "कुठला व्यायाम करता हो?"

"मी एकटाच नाही," मेहुणा म्हणाला. "आमच्या घरी सगळेच करतात."

बाईंनी माझ्याकडे नखशिखांत पाहिलं आणि पुढे विचारलं नाही.

आम्ही पेढ्याबिढ्यांचं बोलत होतो तेवढ्यात मेहुणा पिशवीसकट नाहीसा झाला. लिफ्टच्या दारावर 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी लटकत होती. नऊ मजले आम्हाला पायी उतरावे लागले. माझे गुडघे मला जे बोलले ते इथे देण्यासारखं नाही. सहाव्या मजल्यावर बायको थांबली आणि तिने भिंतीला कान लावला. आतून हातोडीचे हलके ठोके येत होते, आणि त्यांच्यामध्ये कोणाशी तरी चाललेलं बोलणं.

"दाराशी बडबडतोय," ती म्हणाली आणि पुढे उतरायला लागली.