आरशासारखा सिलेंडर

कवळीवाल्यांच्या बायकोनं ते सांगितलं तेव्हा ती गच्चीत कपडे वाळत घालत होती. दूध उतू जातंय का बघा, असं सांगावं तितक्याच साध्या आवाजात ती म्हणाली,

"मी त्या चढावर पुन्हा पाय ठेवणार नाही. लेकीच्या दारात जाईन ती आपल्या गाडीवर बसून. नाहीतर जाणार नाही."

मग तिनं चिमटे मागितले. कवळीवाल्यांनी ते दिले.

सगळी गल्ली त्यांना कवळीवाले म्हणायची, कारण ते कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर माप पाठवत, आणि हे बाहेरच्या खोलीत बाकावर बसून मेण, प्लास्टर आणि गुलाबी मसाल्यातून कुणाकुणाची गेलेली बत्तीशी परत आणत. तीस वर्षांत त्यांची एकही कवळी तोंडात खडखडली नव्हती. त्याचा त्यांना गर्व नव्हता, पण कुणी विषय काढला तर ते उठून जातही नसत.

लेक दिली होती टेकडीवरच्या घरात. टेकडीला एकच रस्ता, आणि रस्त्याला एकच वळण, पण ते असं की बसवाल्यांनीही त्याला लांबूनच हात जोडले होते. कवळीवाल्यांची मोटारसायकल अठरा वर्षांची. गेल्या महिन्यात दोघं तिच्यावर बसून लेकीकडे निघाले, तर बरोबर त्या वळणावर गाडीनं मान टाकली. बायको उतरली आणि उरलेला चढ चालत गेली. वर गॅलरीत विहीणबाई उभ्या होत्या.

"चालत आलात होय? बरं केलंत. या वयात व्यायाम हवाच."

विहीणबाई बायकोहून चार वर्षांनी मोठ्या होत्या. परत येताना उतार संपेपर्यंत बायकोनं ही गोष्ट तीनदा सांगितली. चौथ्यांदा काही बोलली नाही, तेव्हाच आता काहीतरी ठरलंय हे कवळीवाल्यांनी ओळखलं होतं.

कारण ही बाई एकदा बोलली की बोलली. मागं एकदा शेजारणीशी कशावरून तरी वाजलं, तेव्हा तिनं सांगून टाकलं होतं की तुझ्या कपड्यांच्या मशीनला मी जन्मात हात लावणार नाही. पुढं शेजारीण गाव सोडून गेली आणि कवळीवाल्यांनी तेच मशीन स्वस्तात घरी आणलं. ते दोन वर्षं न्हाणीघरात उभं होतं आणि बायको त्याच्या शेजारी बसून हातानं कपडे धूत होती.

आणि या खेपेला गोष्ट कपड्यांची नव्हती. लेक आणि जावई तीन वर्षांसाठी परदेशी चालले होते. निघायचं तीन आठवड्यांनी, रविवारी संध्याकाळी.

"मी येतो न्यायला," जावई फोनवर म्हणाले.

"नको हो. तुमच्या गाडीतून आले तर आमची दमली हेच ठरलं ना."

"आई, मग मीच येते खाली," लेक म्हणाली.

"तू आलीस तर मी हरले. तू सामान बांध."

"नवी गाडी घेऊ या का आपण?" कवळीवाल्यांनी बाजूनं विचारून पाहिलं.

"आपल्या गाडीवर म्हटलंय मी. नवीला आपली व्हायला वर्ष लागतं."

कवळीवाल्यांनी हिशेब केला. बायको गेली नाही तर ती रडणार नाही, भांडणार नाही, काही म्हणणारसुद्धा नाही. तीन वर्षं रोज दोन वेळा समोर बसून जेवेल, आणि ते न बोललेलं ताटाशेजारी वाटीसारखं ठेवलेलं असेल. ते उठले आणि त्यांनी गाडीचं इंजिन खाली उतरवलं.

गॅरेजवाल्यानं महिनाभर थांबायला सांगितलं होतं, म्हणून घरीच करायचं ठरलं. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि तिच्यावर इंजिन ठेवलं. दोघं जेवायला जमिनीवर बसू लागली. बायकोची याला हरकत नव्हती. उलट सुटे भाग रॉकेलमध्ये धुताना तीच ब्रश मारायची, आणि मारताना विचारायची, "याचा काय उपयोग?"

"हा व्हॉल्व्ह. यातून पेट्रोलची वाफ आत जाते."

"आणि हा?"

"यातून धूर बाहेर."

"मग दोघांवर काजळी सारखीच कशी?"

कवळीवाल्यांनी दोन्ही नीट पुसले. त्यांनी व्हॉल्व्ह कवळीच्या डबीत ठेवले आणि वर चिठ्ठी लावली: आतला, बाहेरचा. सगळे भाग असेच डब्यांत गेले. एका सकाळी एक आजोबा आपली कवळी न्यायला आले, त्यांनी बाकावरची डबी स्वतःच उघडली आणि आतल्या दोन स्प्रिंगा बराच वेळ पाहिल्या.

"नवीन पद्धत आहे का?" त्यांनी विचारलं.

"तुमची ती नव्हे," कवळीवाले म्हणाले.

"नाही, चावायला जोर येत असेल तर माझी ना नाही."

बेत असा होता, की सिलेंडरचं भोक मोठं करून घ्यायचं, त्यात मोठा पिस्टन आणि त्याच्याभोवतीच्या नव्या रिंगा बसवायच्या, कार्बोरेटरला जास्त पेट्रोल सोडणारा मोठा जेट लावायचा, आणि हवा आत जाण्याची वाट घासून गुळगुळीत करायची, म्हणजे इंजिनाला श्वास मोकळा मिळेल. हे शेवटचं काम कवळीवाल्यांच्या हातचा मळ होतं. कवळ्या घासायची बारीक मोटर त्यांनी त्या वाटेत घातली आणि दोन दिवसांत ती अशी करून ठेवली की बायकोनं बोट फिरवून म्हटलं, "लोण्यासारखं झालंय हो."

चांगलं झालं, तिथंच थांबायला हवं होतं.

बाजाराच्या टोकाला एक लेथवाला होता. जाड मिशीचा, कमी बोलणारा. सिलेंडरचं भोक त्यानं मापात मोठं करून दिलं. कवळीवाल्यांनी सिलेंडरचा ब्लॉक घरी आणला, खिडकीपाशी धरला, आणि त्यांना धक्काच बसला. आतल्या भिंतीवर ओरखडे होते. एक दोन नव्हेत. वरपासून खालपर्यंत, तिरके, एकमेकांना छेद देणारे, चाळणीच्या जाळीसारखे.

"बघ," ते बायकोला म्हणाले. "याला म्हणतात काम उरकणं."

"परत न्या की."

"आता काय न्यायचं. कमी बोलतो तेव्हाच ओळखायला हवं होतं मी."

कवळीच्या धंद्यात एक नियम आहे. जिभेला खरखर लागली तर माणूस ती कवळी घालत नाही, डबीत ठेवतो आणि पेज पितो. म्हणून शेवटचा हात सगळ्यांत महत्त्वाचा. कवळीवाल्यांनी दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचं चाक घेतलं, ओली पांढरी पूड घेतली, आणि दोन दिवस तो सिलेंडर आतून घासला. मग आणखी बारीक पूड घेतली आणि अर्धा दिवस पुन्हा घासला. शेवटी आत पाहिलं तर त्यांना स्वतःचं नाक दिसलं, थोडं लांबट, पण स्वच्छ. बायकोनंही पाहिलं. तिनं कपाळावरची बट मागं केली.

मंगळवारी, म्हणजे रविवारला पाच दिवस असताना, इंजिन गाडीवर चढलं. दुसऱ्या किकला चालू झालं. कवळीवाल्यांनी बायकोकडं पाहिलं. बायकोला मात्र ते दिसले नाहीत, कारण मधे निळा धूर आला होता.

धूर गल्लीत गेला. समोरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "कवळीवाले, डास नाहीत हो एवढे!"

थोड्या वेळानं बसेल, असं म्हणून ते एकटेच पुलापर्यंत गेले. पुलाचा चढ म्हणजे चढ म्हणावा असाही नाही, पण गाडी तिथं दुसऱ्या गिअरवर कण्हू लागली. पूर्वीपेक्षाही वाईट. घरी येऊन तेल पाहिलं, तर वाटीभर तेल कमी.

बायको दारात उभी होती. "काय म्हणते?"

"बोलेल," ते म्हणाले आणि तिच्याकडं न बघता आत गेले.

बुधवारी सकाळी त्यांनी पुन्हा सगळं उघडलं, ब्लॉक टॉवेलात गुंडाळला आणि लेथवाल्याकडं नेला. वाटेत त्यांनी चार खरमरीत वाक्यं जुळवली होती. लेथवाल्यानं टॉवेल सोडला, ब्लॉक उजेडाकडं धरला, आणि आतमध्ये आपली मिशी पाहिली. मग त्यानं लेथ बंद केलं. चालू लेथ तो कुणासाठी बंद करत नसे.

"हे कुणी केलं?"

"मी."

"का?"

"ओरखडे होते."

"मीच पाडले होते ते."

"पाडले म्हणजे?"

"मुद्दाम. मशीन लावून. त्या ओरखड्यांत तेल राहतं, आणि त्यांच्यावर घासून नव्या रिंगा भिंतीला बसतात. तुम्ही काच करून ठेवली. आता रिंगा नुसत्या घसरतायत, तेल वर चढून जळतंय आणि जोर खालून निसटतोय." लेथवाला वर्षभराचं बोलून गेला होता. तो जरा थांबला. "पण का केलं असं?"

"खरखरीत राहिलं तर जिभेला टोचतं," कवळीवाले म्हणाले. जुळवलेल्या चार वाक्यांतलं एकही त्यांना आठवत नव्हतं.

"इंजिनाला जीभ कुठून आणलीत?"

कवळीवाले टॉवेलाची घडी घालू लागले. लेथवाल्यानं ब्लॉक पुन्हा आत बोट घालून चाचपला.

"हात मात्र चांगला आहे तुमचा," तो म्हणाला. "असा आरसा मला नाही जमणार. नशीब, माप बिघडलेलं नाही. संध्याकाळपर्यंत पुन्हा ओरखडून देतो. रिंगा नव्या घाला. आणि नीट ऐका. पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही. ओझं नको. सपाटीला हळूहळू डबलसीट एक वेळ चालेल. चढावर डबलसीट अजिबात नाही. नाहीतर रिंगा बसायच्या आधीच सगळं जाईल, आणि मग मी तिसऱ्यांदा ओरखडणार नाही."

"रविवारी चढ आहे."

"मग शनिवारपर्यंत पाचशे करा."

गुरुवारी दुपारी इंजिन पुन्हा चढलं. धूर नाही. आवाज भरदार, पोट भरलेल्या माणसासारखा. कवळीवाले तेव्हापासून जे निघाले ते फिरतच राहिले. गावाला वळसा घालणारा रस्ता सव्वीस किलोमीटरचा होता. त्यावरून चाळीसच्या वेगानं एक माणूस शांतपणे फिरताना लोकांना दिसायचा, मग पुन्हा दिसायचा. नाक्यावरच्या पोलिसानं शुक्रवारी त्यांना थांबवलं.

"काका, काही हरवलंय का?"

"नाही. रिंगा बसवतोय."

पोलिसानं चाकांकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं पाहिलं, आणि जाऊ दिलं.

दर खेपेला घरी आले की बायको विचारायची, "किती झाले?" आणि ते सांगायचे. एकशेचार. दोनशे साठ. शनिवारी दोन डॉक्टरांची माणसं कवळ्यांसाठी ताटकळून परत गेली. शनिवारी अंधार पडताना ते आले तेव्हा त्यांना गाडीवरून पाय उचलून खाली ठेवता येत नव्हता. बायकोनं हात धरला.

"किती?"

"चारशे बारा."

 रात्री तिनं त्यांच्या कंबरेला तेल चोळलं आणि सकाळी बाहेर जायची साडी काढून ठेवली. 

रविवारी कवळीवाल्यांची कंबर सरळ व्हायलाच दुपार झाली, मग दोघं निघाली. सपाटीवर गाडी अशी गेली की बायकोनं दोनदा त्यांच्या खांद्यावर थाप मारली. टेकडीच्या पायथ्याशी कवळीवाल्यांनी गाडी थांबवली. वर रस्ता उन्हात पडला होता. त्यांनी मीटर पाहून हिशेब केला. चारशे तेवीस.

"अजून सत्त्याहत्तर आहेत," ते म्हणाले. "चढावर दोघांनी बसायचं नाही म्हणालाय तो."

"मी उतरणार नाही," बायको म्हणाली. आवाज बारीक होता. पदर तिनं मुठीत धरला होता. "पाहिजे तर इथूनच परत नेऊन सोडा."

कवळीवाल्यांनी वरच्या वळणाकडं पाहिलं. मग त्यांनी पाय टेकला आणि स्वतः उतरले.

"तू कशाला उतरतेस. पुढं सरक."

"अहो, मला चालवता येत नाही."

"चालवायची कुठंय. नुसतं बसायचं. टाकीला धर."

ती पुढं सरकली. ते डाव्या बाजूला उभे राहिले, एका हातानं क्लच धरला, दुसरा हात टाकीवरून पलीकडं घालून रेस धरली, पहिला गिअर टाकला आणि हलकेच सोडलं. गाडी निघाली. एका माणसाचं ओझं, ना घसरणं ना कण्हणं. इंजिन अगदी निवांत गात होतं. कवळीवाले बाजूनं चालत होते, आणि धाप फक्त त्यांनाच लागत होती.

"जमतंय का हो?" बायकोनं विचारलं.

"तिला जमतंय," ते म्हणाले.

वळण आलं. गाडी वळली. वळणावर ते एकदा जवळजवळ पळाले. वरच्या गॅलरीत विहीणबाई उभ्या होत्या. त्यांनी आधी सरळ बसून येणारी बायको पाहिली, मग शेजारून वाकून येणारा नवरा पाहिला, आणि उघडलेलं तोंड त्यांना काही केल्या मिटता येईना.

"या की, या," बायको खालूनच त्यांना म्हणाली. मग लक्षात आलं की हे त्यांनी म्हणायचं असतं.

फाटकात गाडी थांबली. बायकोनं खाली पाहिलं. फाटकाशी जमीन अजून उतरती होती, म्हणून तिनं नाही अशी मान हलवली. कवळीवाल्यांनी गाडी आत अंगणाच्या सपाट फरशीवर नेली, इंजिन बंद केलं आणि स्टँडवर चढवली. मग ते पायरीवर बसले. विहीणबाईंनी न विचारता त्यांना पाण्याचा तांब्या दिला.

लेक आतून धावत आली. तिच्या हातात सामानाची चिकटपट्टी तशीच होती. आई अजून सीटवरच होती.

"उतर ना आई."

"उतरते गं. जरा बसू दे."

लेकीनं आईकडं पाहिलं, मग बापाकडं. मग साडीचा घोळ सावरून ती मागच्या सीटवर चढली, आईच्या पाठीला गाल लावला आणि दोन्ही हातांनी तिला धरलं. दोघी तशाच बसून राहिल्या. काय बोलत होत्या ते ऐकू येत नव्हतं.

कवळीवाल्यांनी पायरीवरून पाहिलं. पाचशे किलोमीटर अजून झाले नव्हते आणि गाडीवर दोघी होत्या. ते सांगायला उठलेसुद्धा. मग त्यांना आठवलं की इंजिन बंद आहे, आणि ते पुन्हा खाली बसले.