बसवल्यावर बघा

लाल पापुद्रा काही निघेना. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या त्या टेपचं टोक दामिनीनं नखानं खरवडून खरवडून पांढरं केलं, तरी पापुद्रा आपला हट्टानं धरून — आणि सुटला तेव्हा मध्येच फाटला, पेराएवढा तुकडा हातात आला, बाकीचा तिथंच. तिनं तो बोटावरून फुंकला. तुकडा भिरभिरत गेला आणि गाडीच्या डिक्कीवर जाऊन बसला.

बसला... सकाळपासून हा शब्द तिच्या मागं लागला होता. नको म्हटलं तरी मांजरासारखा पायात येत होता. स्पॉइलर बसवायचा. नीट बसला पाहिजे. बसेल ना? — रोजच्या वापरातला साधा शब्द, पण पावसाळ्यापासून या घरात तो कुणी सहज उच्चारत नव्हतं. अव्वासुद्धा, म्हणजे आईसुद्धा, हल्ली आल्यागेल्याला ‘या, टेका जरा’ म्हणायची.

पेरूच्या सावलीत पांढरी गाडी उभी होती, धुऊन पुसून, सासरी निघाल्यासारखी. दुपारी मुखेडहून माणसं येणार होती आणि तिला घेऊन जाणार होती. कागदावर गाडी अप्पांच्या, म्हणजे वडलांच्या नावाची. पण तिला पुसायचा अण्णा, तिच्यावर रुसायचा अण्णा, गिअर अडकला की तिला लाडीगोडी लावायचा तोही अण्णाच. शिवकुमार. दामिनीचा थोरला भाऊ. आषाढात त्याला ताप भरला, डेंग्यू म्हणाले, रक्त शोधण्यात धावपळ झाली, आणि आठवडा पुरा व्हायच्या आत घरातलं सगळ्यात मोठं हसणं बंद झालं. इतकंच. सांगायला गेलं की इतकंच होतं, म्हणून दामिनी कुणाला सांगतच नसे.

आणि आज ती त्याचं राहिलेलं काम करायला बसली होती — बघ, पुन्हा. बसली होती. उभ्यानं कर गं बाई, मग तरी सुटशील.

स्पॉइलर, डिक्कीच्या कडेवर लावायची ती प्लास्टिकची फळी, फरशीवर उताणा पडला होता. राखाडी, एका कडेला पोपडे निघालेला, कुठल्या कोण गाडीच्या पाठीवर कुठं कुठं हिंडून आलेला. अण्णानं तो नांदेडच्या भंगार बाजारातून आणला होता, एसटीत मांडीवर घेऊन. कंडक्टर म्हणे थट्टेनं म्हणाला, “हे कशाचं पंख हाय? ह्याचं अर्धं तिकीट काढावं लागंल.” अण्णा म्हणाला, “पुरं काढा, पण खिडकी द्या त्याला.” ही गोष्ट त्यानं त्या दिवशी अव्वाला सांगितली, मग दामिनीला सांगितली, मग दोघींना पुन्हा एकदा एकत्र सांगितली, आणि दर वेळी कंडक्टर आणखी थोडा विनोदी होत गेला. मग अप्पा दुकानातून आले. अप्पांचं भुसार दुकान. डोळे मिटून मुठीतली तूर कुठल्या शिवारातली ते सांगतील, पण प्लास्टिकच्या त्या फळीकडं ते पाहतच राहिले. डाळमिलच्या पट्ट्यात मधल्या बोटाचं पेर गेलेला त्यांचा उजवा हात... त्या अर्ध्या बोटानं त्यांनी फळीवर टिचकी मारली.

“दुसऱ्याच्या गाडीचं शेपूट आणलास व्हय? लक्ष्मीच्या मागं भंगार बांधायलास.”

“अप्पा, आत्ता नका बोलू. बसवल्यावर बघा.”

बसवल्यावर बघा. — अप्पा बघतच होते, अण्णा, सगळं गाव बघत होतं. ओसरीच्या भिंतीला टेकवून तुला बसवलं होतं, मांडी घालून, हातात इष्टलिंग, अंगभर विभूतीचे पट्टे, गळ्यात एवढाले हार. जन्मात तू इतका ताठ बसला नव्हतास, जेवतानासुद्धा लोळायचास. आपल्या लिंगायतांत माती देताना असंच बसवतात, मला का ठाऊक नव्हतं? आजीला पाहिलं होतं मी. पण आजी बसलेलीच असायची, तिचं वेगळं होतं. आणि मग खड्ड्यापाशी, स्वामींचं मंत्र म्हणणं चाललेलं असताना, सगळे रडत असताना अप्पांचा एकट्याचा आवाज कोरडा, गोणी थप्पीला लावताना यायचा तसा: “नीट बसवा रे. मान कलायलीय.”

ते वाक्य दामिनीनं अप्पांना माफ केलं नव्हतं. तशा बऱ्याच गोष्टी तिनं साठवल्या होत्या. दवाखान्यात अण्णाला हुडहुडी भरलेली, अप्पा घरून चादर आणायला म्हणून गेले ते कितीतरी वेळानं आले, आणि आले ते हात हलवत. चादर? तर म्हणे राहिली. पोटचा पोरगा थंडीनं कुडकुडतोय आणि यांची चादर राहते! आणि आता ही गाडी. जेवताना भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, “मुखेडचं गिऱ्हाईक आलंय. द्यायलाव.” ना विचारणं, ना सवरणं. त्या दिवसापासून दामिनी त्यांच्याशी बोलत नव्हती. त्यांना ते कळलं होतं की नाही कोण जाणे. तेही फारसं बोलत नव्हते, म्हणजे तिचं न बोलणं वायाच जात असावं.

गाडी जाणार तर जाऊ दे. पण अण्णाला हवी होती तशी जाऊ दे. एवढंच तिनं ठरवलं होतं. मुखेडच्या रस्त्याला लागेल तेव्हा तिच्या पाठीवर ते पंख असेल. कुणीतरी मागून बघेल. अण्णा, बसवल्यावर कुणीतरी बघेल.

म्हणून तिनं सकाळी पलंगाखालून तो ओढून काढला. जुन्या चादरीत गुंडाळलेला, वरून दुकानातल्या सुतळीनं आवळून बांधलेला. पोत्याच्या तोंडाला मारतात तशी गाठ होती, सुटता सुटेना, शेवटी दातानं सोडवली. मग टेप आली, स्पिरिट आलं, फडकं आलं. अण्णाच्या हाताखाली पाना दे, पकड दे करत ती एवढं शिकली होती की चिकटवायच्या आधी खालची बाजू लख्ख पाहिजे. तेल नको, धूळ नको, काही म्हणता काही नको. म्हणून तिनं स्पॉइलर उताणा केला, आणि डाव्या अंगाला, बरोबर टेप लावायच्या जागेवर...

तीन बोटं.

विभूतीची. ओली करून ओढलेली आणि तिथंच वाळून बसलेली. वरची रेघ ठळक, खालची ठळक, मधली पुसट. चादरीला घासली असेल.

घरात नवं काहीही आलं की आधी त्याला विभूती. शिलाई मशीन असो, मिक्सर असो, अण्णाचा मोबाइल असो. जो आणेल त्यानं लावायची. म्हणजे अण्णानं लावली होती. नांदेडचं भंगार का असेना, घरात आलं म्हणजे घरचं झालं, म्हणून देवघरातली विभूतीची गट्टी भिजवून त्यानं तीन बोटं ओढली होती, आणि मग त्याला ताप भरला होता. त्याचे शर्ट अव्वानं मठात देऊन टाकले. मोबाइल बंद पडला. गाडी तर निघालीच. त्याच्या हाताचं म्हणून या जगात राहिलेलं — हे एवढं. प्लास्टिकच्या फळीच्या पोटावर.

आणि नेमकं टेपच्या जागेवर. काय रे हे अण्णा! एवढं शहाणपण शिकवलंस मला, ‘काही म्हणता काही नको’, आणि स्वतः...

तिच्या डोक्यात सकाळपासून तेच वर-खाली होत होतं. पुसलं तर स्पॉइलर बसेल आणि बोटं जातील. नाही पुसलं तर बोटं राहतील आणि त्याची एवढीशी हौस पलंगाखाली कुजेल. वरूनच टेप लावली तर? तर गाडी वेगात आली की एखाद्या वळणावर सुटून उडेल, मागचा ट्रक त्याच्यावरून जाईल. मग हेही नाही आणि तेही नाही. एकदा तर तिनं फडकं स्पिरिटमध्ये बुडवलंही. पण तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून अव्वा म्हणाली, “दामू, च्या घेतीस का गं?” आणि तिला इतकं सुटल्यासारखं वाटलं की नको असताना ती हो म्हणाली.

चहा देताना अव्वा वाकून स्पॉइलरकडं बघत होती. तिचा हात पदराशी गेला. “ल्हानपणी तू राख म्हणायचीस ह्याला. तुझा अप्पा तुला रागं भरायचा, राख चुलीत असती, ही विभूती.” एवढं बोलून ती आत गेली. अव्वा हल्ली अशीच बोलायची, अर्धं सांगून आत जायची.

आता चहा संपला होता, टेपचा पापुद्रा फाटून झाला होता, ऊन पेरूखालून सरकत तिच्या पायांपर्यंत आलं होतं. गाडी धुताना आरशात अडकलेला पाण्याचा थेंब अजून सुकला नव्हता. आणि तिचं काही ठरत नव्हतं. तिनं हलकेच आपली तीन बोटं त्या रेघांवर टेकवायला नेली आणि टेकवली नाहीत. ओलसर बोटानं निघून आली असती. — अण्णाची बोटं माझ्यासारखीच लांब होती. सगळे म्हणायचे, हात बहीणभावाचा एकच. मग... मधली रेघ...

तिला एकदम काहीतरी आठवायला लागलं, नको असलेलं. नांदेडहून आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी अण्णानं ही फळी इथंच, याच फरशीवर रॉकेलनं घासून काढली होती. जुना गोंद, कचरा, सगळं. तिनंच पाणी ओतलं होतं. उताणी धरून त्यानं तिला दाखवली होती: “बघ, आरसा!” आणि संध्याकाळी अंग दुखतंय म्हणून आडवा झाला, तो मग दवाखान्यात जाण्यापुरताच उठला. विभूती लावायला तो उठला कधी? सुतळी आणायला दुकानात गेला कधी?

“मुखेडवाले अहमदपूर सोडलं म्हणालेत.”

दारात अप्पा उभे होते. ते तिच्याशी बोलत होते की गाडीशी, ते नेहमीसारखंच कळत नव्हतं. तिनं मान वर केली, काहीतरी तोडून बोलायचं म्हणूनच वर केली. ऊन त्यांच्या तोंडावर होतं. नुकतीच पूजा झालेली, कपाळावर ताजे पट्टे. वरचा ठळक, खालचा ठळक. मधला पुसट, मध्येच तुटलेला. रोजच्यासारखा. अर्धं बोट कपाळापर्यंत पोचायचंच नाही ना त्यांचं... लहानपणी ती त्यांच्या मांडीवर उभी राहून, आपलं इवलंसं बोट भिजवून ती मधली रेघ भरायची. ते तिचं काम होतं. रोजचं. ते भरल्याशिवाय अप्पा दुकानाला निघायचे नाहीत. केव्हा बंद झालं ते?

तिनं खाली पाहिलं. पुन्हा वर पाहिलं. पुन्हा खाली.

चादर आणायला गेले होते ते. अण्णा तिकडं कुडकुडत असताना ते इथं, या रिकाम्या घरात, पलंगाखालून हे भंगार ओढून, विभूतीची गट्टी भिजवून... काय म्हणाले असतील? बरा होऊ दे, मी नाही म्हणणार नाही? लक्ष्मीच्या मागं बांध म्हणावं, काय बांधायचं ते बांध? कोण जाणे. आणि मग हे त्या चादरीत — त्याच चादरीत, दुसरी कुठली असणार, न्यायला आले होते तीच — गुंडाळून, पोतं बांधतात तसं बांधून पुन्हा आत सरकवलं. आणि हात हलवत परत आले. आणि मी त्यांना बोलले. सगळ्यांच्या देखत बोलले, आणि ते नुसतं ‘राहिली’ म्हणाले.

एका क्षणात अण्णाचं होतं नव्हतं ते गेलं. ती सकाळपासून जपत होती ते त्याचं नव्हतंच. आणि इतके दिवस जो राग तिला ताठ ठेवत होता, तो तिनं चाचपून पाहिला, तर तोही जागेवर नव्हता. अण्णाच्या जाण्याचं दुःख या घरात आपलं एकटीचं आहे अशी तिची समजूत होती. त्या समजुतीचाच तिला आधार होता, हे तिला आत्ता कळलं.

अप्पा पायऱ्या उतरून आले. धोतर सावरून तिच्यासमोर उकिडवे झाले, स्पॉइलरचं दुसरं टोक त्यांनी उचललं, कर म्हणावं तसं. त्या रेघा त्यांना दिसल्या. दिसल्याच. ते काही क्षण बघत राहिले, जणू कुणा दुसऱ्याचं अक्षर ओळखायचं होतं.

“बसलं का?” त्यांनी विचारलं.

“न्हाई, अप्पा.” किती दिवसांनी तिनं त्यांना अप्पा म्हटलं. “टेप धरायची न्हाई ह्याला. खाली...”

“मग पुसून घे की,” अप्पा म्हणाले. आवाज तोच, कोरडा, गोणी थप्पीला लावतानाचा. फक्त आता त्या कोरडेपणाच्या आत काय होतं ते तिला ऐकू येत होतं. “पुसून घे ती राख.”

राख. या घरात त्या शब्दावर ज्यांनी तिला लहानपणी रागावलं होतं, त्यांच्याच तोंडून. ते तिच्याकडं बघत नव्हते. फळी दोन्ही हातांनी घट्ट धरून, जराही कलू न देता, ते वाट बघत होते.

स्पिरिटचं फडकं तिच्या डाव्या हातात गार पडलं होतं. उजव्या हाताचं बोट तिच्याही नकळत पुढं गेलं आणि त्या मधल्या, तुटक रेघेपाशी थांबलं. बोट कोरडं होतं. भरायला जवळ काही नव्हतं. पुसायचं म्हटलं तर तीच रेघ सगळ्यात आधी जाईल, मुळातच ती एवढीशी होती. दामिनी तिथं बोट ठेवून राहिली, आणि अप्पांनी ‘कर लवकर’ म्हटलं नाही.